मदत हवी आहे: गायमुखच्या चढावर गाडी दम टाकते, इनटेक मॅनिफोल्डच्या झडपांचा व्हॅक्यूम कुठे गळतोय?

नमस्कार मंडळी,

गाडी बाबांनी २०१० मध्ये घेतलेली, २ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर. आता मी चालवतो. कासारवडवलीहून रोज घोडबंदर रोडने भाईंदरला जातो. महिनाभर एकच त्रास आहे. गायमुखचा चढ लागला, दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला, की २००० ते ३००० आरपीएममध्ये गाडी ओढतच नाही. मागे कंटेनर चिकटलेला असतो, जीव टांगणीला लागतो. ४००० च्या वर काटा गेला की मात्र एकदम मोकळी पळते. चढ संपेपर्यंत चेक इंजिनचा दिवा लागलेला असतो. कोड दर वेळी पी २००४, म्हणजे मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) झडपा उघड्या अडकल्या. कोड काढून माजिवड्यापर्यंत ट्रॅफिकमध्ये कितीही फिरा, परत येत नाही.

माझ्या इंजिनात कमी आरपीएमला व्हॅक्यूम (इंजिन हवा ओढतं त्याने तयार होणारी पोकळी) डायफ्रॅमला, म्हणजे झडपांची दांडी हलवणाऱ्या पडद्याला, ओढून धरतो, झडपा बंद राहतात आणि हवा लांब मार्गाने जाते. ४००० च्या आसपास सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) व्हॅक्यूम तोडतो, स्प्रिंग झडपा उघडते, मार्ग आखूड होतो. (सगळ्या इंजिनांत असं नसतं, काहींत नेमकं उलटं असतं.)

गॅरेजवाल्यांनी इंजिन चालू करून दांडी पाहिली, आत ओढलेली होती. मग कार्बनने झडपा जाम होत असणार, अख्खा मॅनिफोल्ड बदला, असं सांगितलं. खर्च चाळीस हजारांच्या घरात. मला ते पटलं नाही. जाम झालेली झडप फक्त चढावरच कशी जाम होईल?

रविवारी बोनेट उघडून भावाला आत बसवलं आणि मोबाइलवर दांडीचं शूटिंग केलं. हळूहळू रेस दिली तर दांडी आत, जागची हलत नाही. एकदम झटक्याने रेस दिली की टक्‌ करून अंगठ्याच्या पेराएवढी बाहेर येते आणि पाय सोडल्यावर परत आत. तेव्हा आरपीएम २००० च्याही खाली होता. म्हणजे झडपा फिरताहेत, त्यांना धरून ठेवणारा व्हॅक्यूम टिकत नाही. नंतर इंजिन बंद केलं, पाच मिनिटांनी सोलेनॉइडकडे येणारी नळी काढली. साठवलेला व्हॅक्यूम असता तर फुस्स आवाज यायला हवा होता, काहीच आला नाही.

माझा प्रश्न असा की दोष वन-वे व्हॉल्व्हचा आहे की व्हॅक्यूमच्या टाकीचा, हे वेगळं कसं करायचं? टाकी मॅनिफोल्डच्याच प्लॅस्टिकमध्ये ओतलेली आहे. ती तडकली असेल तर गॅरेजवाल्यांचंच खरं ठरेल. सोलेनॉइडवरही संशय घ्यावा का?

प्रतिसाद

शूटिंग केलंत हे फार चांगलं केलंत. पाय पूर्ण दाबून थ्रॉटल पूर्ण उघडला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळजवळ शून्यावर येतो. त्या वेळी झडपा धरून ठेवायलाच टाकी असते आणि टाकीतला व्हॅक्यूम उलटा पळू नये म्हणून वन-वे व्हॉल्व्ह. आयडलिंगला पाऱ्याचे १८-२० इंच व्हॅक्यूम असतो, त्यामुळे गॅरेजमध्ये सगळं ठीकच दिसणार.

आधी स्कॅनरवर आयडलिंगचा फ्युएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) बघा. टाकी किंवा नळी तडकली असेल तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि ट्रिम वर चढतो. वन-वे व्हॉल्व्ह आतल्या आत गळत असेल तर बाहेरची हवा येत नाही, ट्रिम जागेवर राहतो. बारीक तड मात्र ट्रिममध्ये दिसत नाही. म्हणून व्हॅक्यूम ओढणारा हातपंप लावाच. व्हॉल्व्हकडचं तोंड घट्ट बंद करून थेट टाकीवर २० इंच ओढा, काटा पाच मिनिटं हलता कामा नये. मग तोच पंप सोलेनॉइडच्या पुढे फक्त डायफ्रॅमवर लावा. व्हॉल्व्ह सुटा काढून दोन्ही बाजूंनी फुंकून बघा. नळ्यांची टोकं उष्णतेने कडक होतात, तेवढी कापून परत बसवा.

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. ट्रिम अधिक ३ टक्के, म्हणजे जवळपास जागेवर. वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या मेकॅनिककडून पंप आणला. टाकीवर २० इंच ओढले, काटा दहा मिनिटं ढिम्म. डायफ्रॅमही धरून राहिला. व्हॉल्व्ह काढला तर बोटाच्या पेराएवढा, दोन्हीकडून आरपार फुंकर जाते! आत तेलाचा चिकट थर होता. धुवून पाहिला, तरी बसत नाही. नवीन मागवून बसवला. झटक्याने रेस दिली तरी दांडी आता आतच राहते. काल-आज गायमुख दुसऱ्या गिअरमध्ये चढलो, दिवा लागला नाही.

तेल आलं कुठून हे अजून शोधायचंय. उद्या पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातल्या तेलाच्या वाफा मॅनिफोल्डमध्ये सोडणारा) काढून बघतो, फोटो इथेच टाकतो.