पाड्यावर घरकुलाचा स्लॅब टाकून नक्की कुणाचं भलं होतंय?

पंचवटीचा_भटक्या:
परवा मित्राच्या कामासाठी नाशिक जिल्ह्यात हरसूलच्या पुढे एका आदिवासी पाड्यावर गेलो होतो. ओळीने सात-आठ घरकुलं, दोन पूर्ण, बाकीची लिंटलपर्यंत, म्हणजे दार-खिडकीच्या माथ्यापर्यंत येऊन थांबलेली, आणि जी पूर्ण आहेत त्यात भाताची पोती अन् शेळ्या. माणसं राहतात शेजारच्या काठ्या-मातीच्या कुडाच्या पडवीत. म्हातारीला विचारलं तर म्हणे आत उन्हाळ्यात भट्टी होते, पावसात स्लॅब ठिपकतो आणि चूल कुठे मांडू ते कळत नाही. २६९ चौरस फूट, म्हणजे आपल्याकडे वन आरके पण याहून मोठा मिळतो. त्र्यंबक तालुक्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तिथे कौलाचं उतरतं छप्पर आणि कारवीचा कूड हे पिढ्यानपिढ्या चाललेलं शहाणपण आहे, आणि आपण सगळीकडे एकच सपाट डबा मंजूर करतोय. मला वाटतं हा पैसा आधी पाण्यावर लावा. बायका एप्रिल-मेमध्ये विहिरीत उतरून वाटीने पाणी भरतात अजून, आणि आपण घरांचे आकडे मोजतोय.

निफाडकर_बागवाला:
घर दिलं तरी बोंब, नाही दिलं तरी बोंब. आमच्या द्राक्षबागेत दरवर्षी पेठ-सुरगाण्याच्या मजुरांची टोळी येते, मुकादमाला आगाऊ उचल दिली की पोरंबाळं घेऊन सहा महिने इथेच पालात. गावाला घर बांधून करायचंय काय? आणि घरकुलाचा सरकारी हप्ता आला की तो कुठे जातो ते पण सांगा की जरा.

सुरगाण्याचा_पोरगा:
बागवाले दादा, हप्ता कुठे जातो विचारताय तर सांगतो. प्रधानमंत्री आवासमध्ये डोंगराळ भागाला मूळ रक्कम १ लाख ३० हजार, त्यातली सिमेंटची गोणी पाड्यापर्यंत आणायची म्हटलं की ट्रॅक्टरवाला रस्ता बघूनच भाव वाढवतो, शेवटचा चढ डोक्यावरून. वाळूचं तर बोलूच नका. वाहतुकीत जातो हप्ता, दारूत नाही.
आता भटक्या साहेब तुम्ही. कूड लय आवडला वाटतं. माझी आत्या कुडाच्या घरात जमिनीवर झोपलेली असताना मण्यार चावला. तो चावला तर फारसं दुखत पण नाही, सकाळी डोळे उघडेनात तेव्हा कळलं. झोळी करून डांबरी रस्त्यापर्यंत आणली, तिथून जीप. वाचली नशिबाने. कूड दर दोन-चार वर्षाला बदलावा लागतो, कारवी आणायला जंगलात गेलं की गार्ड हटकतो, शेणाने सारवायचं काम कोण करतं ते तुम्ही त्या म्हातारीलाच विचारायचं होतं. तुम्ही लोक शनिवार-रविवार पैसे मोजून मातीच्या होमस्टेत राहता आणि आम्हाला म्हणता पक्कं घर तुमच्या संस्कृतीत बसत नाही. आम्हाला स्लॅब पाहिजे. ठिपकतो तर नीट बांधून द्या.

पंचवटीचा_भटक्या:
संस्कृती हा शब्द मी वापरला नाही भाऊ. पण मुद्दा लागला, खरंच.

गोळ्यावाली_ताई:
मी बारा वर्षं पाड्यांवर आरोग्याचं काम करते म्हणून लिहिते. दोघंही अर्धंच बघताय. खिडकी नसलेल्या एका खोलीत आठ माणसं आणि आत चूल, मग भिंत कुडाची असो की विटांची, एकाला टीबी झाला की दुसऱ्याला व्हायला वेळ लागत नाही. गॅसची टाकी आहे बऱ्याच घरात, पण भरून आणायची तर परवडत नाही, आणली तरी पाहुणे आल्यावरच पेटवतात. घरकुलाच्या नकाशात धूर बाहेर जायला जागा ठेवली असती तर निम्म्या बायकांचा खोकला कमी झाला असता असं माझं मत. आणि बागवाले भाऊ, तुमच्या त्या पालात गरोदर बाई असते ना, तिचं नाव इथे गावाच्या यादीत असतं. अमृत आहाराचं, म्हणजे गरोदर बायांच्या जेवणाचं ताट इथल्या अंगणवाडीत, ती तिकडे. लसीचं पण तेच. तिकडची ताई म्हणते आमच्याकडची नाही, मी म्हणते सापडत नाही.

निफाडकर_बागवाला:
ताई, हे मला माहीत नव्हतं. पण त्याला बागवाला काय करणार? द्राक्षाच्या भावाचं आमचंच काही खरं नाही.

गोळ्यावाली_ताई:
टोळी आली की जवळच्या अंगणवाडीत एक फोन करा, इतकंच. पाल टाकायला जागा दिली तशी संडासाला पण द्या.

कळवणचा_कारकून:
नियमाचं थोडं. कातकरी समाजाला केंद्राच्या जनमन योजनेत घरासाठी २ लाख आहेत, बाकी आदिवासींना शबरी घरकुल किंवा प्रधानमंत्री आवास योजनेतून कमी. रोहयोतून ९० दिवसांच्या आसपास मजुरी स्वतःच्याच घराच्या कामाची मिळते, ती लोक मागतच नाहीत.

सुरगाण्याचा_पोरगा:
मागतील कधी साहेब? घर बांधायचे महिने कोणते, पाऊस उघडला की मे पर्यंत. आणि आमचे लोक गावात नसतात ते महिने कोणते? तेच. ऑक्टोबरला गोडी छाटणी, मग डिपिंग, विरळणी, खुडा, एप्रिलला खरड छाटणी. रोहयोच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीवर सही करायला माणूस दिंडोरीच्या बागेत. पावसाळ्यात माणूस गावात येतो तेव्हा पाया खणता येत नाही कारण चिखल. म्हणून ती घरं लिंटलला थांबलेली दिसली तुम्हाला. आळशी नाहीत कोणी.

पंचवटीचा_भटक्या:
हे मात्र डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे स्लॅब की कूड हा वादच बाजूला राहिला, गावात मजुरी असती तर दोन उन्हाळ्यात घर उभं राहिलं असतं. तरी पाण्याचं मी सोडत नाही, काँक्रीटवर मारायला पाणी लागतं आणि ते पण बाईच आणणार.

सुरगाण्याचा_पोरगा:
पाण्याचं बरोबर. क्युरिंग, म्हणजे पाणी मारणं, झालंच नाही आमच्या स्लॅबला, म्हणून ठिपकतो. दोन हंडे घरी प्यायला की भिंतीवर मारायला, आई काय ठरवणार.
आणि अजून एक, पुढच्या हप्त्याला अर्धवट घरासमोर उभं राहून फोटो लागतो. बाबा त्यासाठी बागेतून एक दिवस सुट्टी टाकून आले, जाऊन-येऊन दोन दिवस गेले, मुकादमाने दोन्ही खाडे लावले. फोटो काढायला येणारा माणूस आलाच नाही त्या दिवशी.

निफाडकर_बागवाला:
कोणत्या गावच्या बागेत होते?

सुरगाण्याचा_पोरगा:
राहू द्या दादा. यंदाही तिथेच जायचंय त्यांना.