मदत हवी आहे: मनालीत मुलांना स्कीइंग शिकवायचंय, पॅकेज न घेता खर्च कसा आवरू?

नमस्कार मंडळी,

आम्ही रावेरकडचे. आम्ही दोघं, मुलगी अकरा वर्षांची, मुलगा आठचा आणि सासूबाई. संक्रांत आटोपली की मनालीला जायचं चाललंय. तेव्हा आमची केळीची बागही कटाईला नसते. मुलीला स्कीइंग खरोखर शिकायचंय. "नुसते फोटो काढायला नेणार असाल तर मी येत नाही," असं तिनं बजावलंय.

जळगावच्या एका एजंटकडे चौकशी केली. पॅकेजमध्ये 'स्कीइंगसह' असं ठळक छापलेलं. खोदून विचारल्यावर कळलं की मनालीजवळच्या सोलंगच्या उतारावर माणशी एक तास स्की (पायाला लावायच्या लांब पट्ट्या) मिळणार, शिकवणारा नाही, कपडे-बुटांचं भाडं वेगळं. त्यात सासूबाईंच्या नावावरही एक तास धरलेला! गुडघ्यांमुळे त्या घरची माडीसुद्धा चढत नाहीत.

म्हणून आपलं आपणच जायचं. भुसावळहून पंजाब मेल किंवा कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, पुढे कश्मीरी गेटहून हिमाचल परिवहनची बस. मुलं बाराच्या आतली, त्यामुळे वेगळा बर्थ न घेता अर्ध्या तिकिटात बसतील. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असतेच.

अडतंय ते पुढेच. स्कीचं साहित्य कुठून घ्यावं? शिकवणारा कसा शोधावा? आणि गाडीवर घालायच्या रेनकोटच्या पॅन्ट थर्मलवर (आतल्या गरम कपड्यांवर) चालतील का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

ताई, आधी कपड्यांचं. बर्फात खेळायला रेनकोटची पॅन्ट चालते. स्कीवर मुलं सारखी आपटतात, तिथे ती फाटते. मनाली-सोलंग रस्त्यावर नंबर टाकलेली दुकानं आहेत, तिथे अंगभर सूट आणि गमबूट भाड्यानं मिळतात. टॅक्सीवाला जिथे थांबवेल तिथेच घेऊ नका, त्याचं कमिशन तुमच्याच भाड्यातून जातं. चेन लागते का, आतून ओलं आहे का, हे हात घालून बघा. हातमोजे मात्र स्वतःचे न्या, तेही पाणी न शिरणारे. लोकरीचे भिजले की मुलं रडायला लागतात आणि दिवस तिथेच संपतो.

गमबुटावर स्की बसत नाही. स्कीचे बूट वेगळे, कडक असतात. मुलांच्या मापाचे आहेत ना, हे पैसे देण्याआधी घालून बघा. सोलंगला हात धरून पन्नास पावलं ओढत नेणारे बरेच भेटतील. त्यांना टाळा, आणि दोन्ही मुलांना मिळून एकच शिकवणारा सलग दोन-तीन सकाळी ठरवा. पहिल्या दिवशी पडायचं-उठायचं कसं आणि स्कीची टोकं जवळ आणून थांबायचं कसं, एवढंच शिकतात. एका तासाचे पैसे म्हणूनच वाया जातात. बाकी सगळीकडे काटकसर करा, इथे करू नका. मोठ्यांनी स्की घेतली नाही तरी काही बिघडत नाही.

प्रतिसाद २

नाताळ ते १ जानेवारी टाळताय ते बरं. तेव्हा हॉटेलं महाग आणि सोलंगला बर्फाची खात्रीही नसते. २६ जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या तर तेवढे दिवसही सोडा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तारीख लवकर धरा.

गुलमर्गचाही विचार करा. उतार तिथले जास्त चांगले. नवशिक्यांचा उतार खालीच आहे, त्यासाठी गोंडोलाचं (तिथल्या रोपवेचं) तिकीट लागत नाही. पण पाच जणांचा प्रवासखर्च वाढेल. उत्तराखंडातल्या औलीला गढवाल मंडळ विकास निगमचे सात दिवसांचे कोर्स असतात, मात्र सासूबाईंना घेऊन तिथे जाणं अवघड.

प्रतिसाद ३

काय भो, उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीत राहणारी माणसं आपण! काळे चष्मे विसरू नका. बर्फावरच्या उन्हानं डोळे लाल होतात, थंडी असली तरी.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. मनालीच पक्की, आणि स्की फक्त मुलांसाठी. यांना हे अजून सांगितलेलं नाही, ते यूट्यूबवर बघून तयारीत आहेत.

एक राहिलं. शिकवणाऱ्याचा दर साहित्य धरून ठरवायचा की वेगवेगळा? आणि सासूबाईंना उतारापाशी सकाळभर ऊबेत बसता येईल अशी जागा आहे का, की त्यांना मनालीतच हॉटेलवर ठेवावं? गेल्या हिवाळ्यात कुणी जाऊन आलं असेल तर सांगा.