मदत हवी आहे : गावी एकट्या राहणाऱ्या आईसाठी आवाजावर चालणारा स्मार्ट डिस्प्ले

नमस्कार,

माझी आई राजापूर तालुक्यातील आमच्या मूळ घरी एकटी राहते. तिचे वय ७८ आहे. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला वयोमानाने होणारा मॅक्युलाचा विकार असल्यामुळे नजरेच्या अगदी मध्यभागी जे असते ते तिला दिसत नाही, कडेचे मात्र दिसते. घरात वावरणे, अंगणात जाणे, स्वतःपुरता स्वयंपाक करणे हे सर्व ती व्यवस्थित करते. पण वाचन आणि मोबाइलच्या पडद्यावर नेमक्या जागी बोट ठेवणे या दोन गोष्टी आता जवळजवळ बंद झाल्या आहेत. व्हिडिओ कॉल आला की उचलण्याचे बटण तिला शोधावे लागते, आणि ते सापडेपर्यंत रिंग थांबलेली असते. मी पुण्यात असतो आणि बहीण मेलबर्नला. आईला गाव सोडायचे नाही आणि तिचा हा निर्णय आम्हा दोघांना मान्य आहे. म्हणून तिच्या माजघरात आवाजावर चालणारा, पडदा आणि कॅमेरा असलेला एखादा स्मार्ट डिस्प्ले बसवावा असे आम्ही तिघांनी मिळून ठरवले आहे. कोणता घ्यावा आणि कसा लावावा, याबाबत प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचा सल्ला हवा आहे.

आमची गरज अगदी मर्यादित आहे. आईने कशालाही हात न लावता आमचा चेहरा तिला दिसावा आणि तिचा आम्हाला. तिने तोंडाने सांगितले की रेडिओ लागावा. आणि औषधाच्या वेळी तिला आठवण करून दिली जावी. घरातले दिवे-पंखे आवाजावर चालवण्याची हौस आम्हाला नाही. ध्वनीचा दर्जा, चित्रपट पाहण्याची सोय, स्वयंपाकाच्या कृती या बाबीही आमच्या दृष्टीने गौण आहेत.

आतापर्यंत जी माहिती जमा केली आहे ती आधी मांडतो, म्हणजे आपल्याला तेच पुन्हा सांगावे लागणार नाही. गूगलचा नेस्ट हब हा स्मार्ट डिस्प्ले भारतात २०१९ मध्ये ९,९९९ रुपयांना आला. त्याचा पडदा ७ इंची आहे आणि यूट्यूब त्यावर थेट चालते, परंतु त्याला कॅमेराच नाही. ज्यांना शयनगृहात असे यंत्र ठेवायचे आहे त्यांच्यासाठी हा मोठा गुण ठरेल. आमच्यासाठी मात्र त्यामुळे तो बाद होतो. कॅमेरा असलेला १० इंची नेस्ट हब मॅक्स परदेशातून आणावा लागेल, आणि त्यात बिघाड झाल्यास राजापुरातून दाद कोणाकडे मागायची हा प्रश्न राहील. त्यामुळे साहजिकच ॲमेझॉनच्या एको शो या मालिकेकडे वळलो. त्यात साडेपाच इंचांचा एको शो ५, आठ इंचांचा एको शो ८, माणसाच्या दिशेने स्वतः वळणारा १०.१ इंचांचा एको शो १० आणि भिंतीवर फ्रेमसारखा लावता येणारा १५.६ इंचांचा एको शो १५ असे प्रकार आतापर्यंत आले आहेत.

आईचा विकार लक्षात घेता साडेपाच इंचांचा पडदा निरुपयोगी ठरेल, हे जवळजवळ निश्चित आहे. ती आरामखुर्चीत बसते तिथून समोरची भिंत सहा फुटांवर आहे. तेवढ्या अंतरावरून लहान पडद्यावरचा चेहरा तिच्या न दिसणाऱ्या भागातच पूर्णपणे मावून जाईल. चेहरा जितका मोठा, तितका त्याचा काही भाग तिच्या नजरेच्या कडेला येतो. टीव्हीवर बातम्या देणारी व्यक्ती ती ओळखते आणि फोनवर मला ओळखत नाही, त्याचे कारण हेच. त्यामुळे माझा कल १५.६ इंचांकडे आहे, पण बहिणीचे म्हणणे असे की आठ इंचांचा डिस्प्ले खुर्चीशेजारच्या तिवईवर, दोन फुटांवर ठेवला तर तोच परिणाम साधेल, आणि आईचा आवाजही जवळून नीट टिपला जाईल. तिचा मुद्दा मला विचार करण्याजोगा वाटतो. घरात कोणा ज्येष्ठ व्यक्तीला असाच नेत्रविकार असेल, तर त्यांना यांपैकी कोणती मांडणी सोयीची ठरली हे कृपया सांगावे.

आता भाषेबद्दल. मला सर्वांत मोठी अडचण इथे दिसते. गूगल असिस्टंटला, म्हणजे गूगलच्या आवाजी मदतनिसाला, फोनवर मराठी २०१८ पासून येते, आणि जेमिनी या गूगलच्या एआय ॲपमध्येही २०२४ पासून मराठी आहे. पण डिस्प्ले आणि स्पीकर यांवर भारतासाठी हिंदी आणि इंग्रजी याच भाषा निवडता येतात. एको शोमधला आवाजी मदतनीस असलेल्या अलेक्सालाही २०१९ मध्ये हिंदी आली, मराठी नाही. आईला हिंदी समजते, पण ती बोलताना आपसूक मराठीत येते, आणि तिने ७८व्या वर्षी एका यंत्राच्या सोयीसाठी आपली बोली बदलावी अशी अपेक्षा ठेवणे मला पटत नाही.

एका नातेवाइकांच्या घरी हिंदीत लावलेले असे एक यंत्र तिने वापरून पाहिले. तिथे दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या. पहिली अशी की, आई प्रथम हाक मारते, समोरून 'ओ' येण्याची वाट पाहते आणि मग काम सांगते. माणसांशी बोलण्याची तिची हीच रीत आहे. यंत्राची अपेक्षा मात्र हाक आणि काम एका दमात सांगितले जावे अशी असते. मध्ये थांबले की ते ऐकणे बंद करते. दुसरी गोष्ट अशी की, 'जरा रेडिओ लाव गं' यातला रेडिओ त्याने पकडला, पण 'आज एकादशी आहे का गं' हे वाक्य त्याला अजिबात समजले नाही. आईने ते दोनदा विचारले, नंतर माझ्याकडे पाहून 'हिला मराठी नाही ना येत' एवढेच म्हणाली आणि पुढे काही विचारले नाही.

यावर एक उपाय वाचनात आला आहे. अलेक्साच्या ॲपमध्ये 'रुटीन' बनवता येते, म्हणजे आपण ठरवलेले वाक्य उच्चारले की ठरवलेले काम होते. हे वाक्य आपल्या मनाचे असू शकते. तेव्हा भाषा हिंदी ठेवून, 'रेडिओ लाव', 'आवाज कमी कर', 'बाळूला बोलव' अशी आठ-दहा मराठी वाक्ये देवनागरीत लिहून ठेवली तर ती विश्वासाने ओळखली जातात का? 'लाव' आणि 'लावा', 'कर' आणि 'करा' अशी प्रत्येक वाक्याची दोन-तीन रूपे स्वतंत्रपणे द्यावी लागतात का? आणि मराठीतला 'ळ' किंवा 'च'चा दंततालव्य ('चमचा'मधल्यासारखा) उच्चार हिंदीवर बेतलेल्या यंत्राला कितपत पचतो? ज्यांनी आपल्या आई-वडिलांसाठी असे केले आहे त्यांनी कोणती वाक्ये चालली आणि कोणती चालली नाहीत हे लिहिल्यास, मला वाटते, या परिस्थितीतील अनेकांना त्याचा उपयोग होईल. आठवणीच्या सूचनांबाबतही हीच शंका आहे. त्या मी पुण्यातून ॲपवर लिहू शकतो, पण 'आई, रक्तदाबाची गोळी घे' हे वाक्य हिंदी आवाजात वाचले जाताना तिला कळेल असे राहते का?

रेडिओच्या बाबतीत मला आशा वाटते, कारण आकाशवाणीच्या वाहिन्या २०१९ पासून अलेक्सावर उपलब्ध झाल्या. आईचा दिवस सकाळच्या मराठी बातम्यांनी सुरू होतो. जुन्या ट्रान्झिस्टरचे बटण फिरवून केंद्र लावणे तिला अजून जमते, त्यामुळे ही सोय झाली नाही तरी अडणार नाही.

मुख्य प्रश्न व्हिडिओचा. एको शोमध्ये 'ड्रॉप इन' नावाची सोय आहे. ज्यांना आधी परवानगी दिली आहे ती व्यक्ती समोरच्याने कॉल न उचलताही थेट जोडली जाते. सुरुवातीचे काही क्षण चित्र धूसर दिसते आणि मग स्पष्ट होते. व्हॉट्सॲपमध्ये आपोआप कॉल उचलण्याची अशी सोय नाही, म्हणून टॅबलेटचा पर्याय आम्ही मागे ठेवला आहे. अन्यथा मराठीच्या दृष्टीने जेमिनी असलेला मोठा टॅबलेटच उजवा ठरला असता.

परंतु हीच सोय मला अस्वस्थही करते. माजघर ही आमच्या घरातील वर्दळीची जागा आहे. दुपारी शेजारच्या बायका येऊन बसतात, मनातले बोलतात. त्यांच्या नकळत मी पुण्याहून त्या खोलीत डोकावू शकेन, हे त्यांना सांगितल्याशिवाय यंत्र बसवणे योग्य होणार नाही. आईनेही एक अट घातली आहे : 'मला नको असेल तेव्हा ते झाकता आलं पाहिजे.' कॅमेऱ्यावर सरकणारी झडप असते हे मला माहीत आहे. पण ती झडप फार बारीक असते; आईला ती उघडी आहे की बंद आहे, हे बोटाने चाचपून कळते का? माइक बंद करण्याचे बटण दाबल्यावर तांबडी खूण दिसते, ती तिला कडेच्या नजरेने ओळखता येईल का? नाहीतर सरळ एक कापडी झाकण शिवून घ्यावे असा माझा विचार आहे. शिवाय दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊनंतर कोणीच जोडले जाणार नाही असे वेळापत्रक लावता येते, असे वाचले आहे. ते ड्रॉप इनलाही लागू होते, की केवळ साध्या कॉलला, याची कोणी खात्री करून घेतली असल्यास सांगावे.

याच्याशीच जोडलेला प्रश्न खाते कोणाच्या नावाने काढावे हा आहे. माझ्या खात्यावर यंत्र जोडले तर लांबून सर्व मांडणी करणे सोपे जाईल, पण आईने यंत्राला काय विचारले, याची नोंद आणि ध्वनिमुद्रणही माझ्या फोनवर दिसत राहील. ती नोंद ठरावीक काळाने आपोआप पुसली जाण्याची सोय आहे, तरीही आईचे बोलणे तिच्या मुलाने वाचावे हे मला बरे वाटत नाही. आईच्या नावाने स्वतंत्र खाते काढले तर पासवर्ड आणि ओटीपी यांची अडचण येते, कारण तिच्याकडे बोलण्यासाठी मोठ्या बटणांचा साधा फोन आहे आणि त्यावर आलेला आकडा तिला वाचता येत नाही. आपल्यापैकी कोणी यातून मार्ग काढला आहे का? बहिणीचे खाते ऑस्ट्रेलियातील आहे. भारतातील यंत्राशी तिला ड्रॉप इन करता येईल का, की तिने फक्त साधा कॉल करायचा आणि आईने तो तोंडी सांगून उचलायचा?

वीज आणि वाय-फाय यांबद्दल थोडक्यात. घर जांभ्याचे आहे, भिंती दीड फुटाच्या आहेत. राउटर ओटीवर असून माजघरात सिग्नल क्षीण होतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींमधून अधिक चांगला जातो म्हणून तोच वापरावा असा विचार आहे. पण व्हिडिओसाठी तो पुरेसा ठरेल, की केबल आत ओढून दुसरा राउटर लावणे बरे? पावसाळ्यात वीज वरचेवर जाते. या डिस्प्लेंना स्वतःची बॅटरी नसते. घरात इन्व्हर्टर आहे, त्यावर राउटर आणि डिस्प्ले दोन्ही घेणार आहे. वीज परत आल्यावर डिस्प्ले कोणी हात न लावता पूर्ववत सुरू होतो ना, आणि वाय-फायशी स्वतःहून जोडला जातो ना, एवढेच विचारायचे आहे. कारण तसे होत नसेल तर दर खेपेला शेजाऱ्यांना हाक मारावी लागेल.

एक गोष्ट आम्ही गृहीत धरलेली नाही, ती म्हणजे तातडीची मदत. अलेक्सावरून ११२ क्रमांकाला फोन लागत नाही, त्यामुळे आई पडली किंवा बरे वाटेनासे झाले तर त्यासाठी हे यंत्र हा आधार होऊ शकत नाही. तिच्या साध्या फोनवर एक बटण दाबले की शेजारच्या घरी फोन लागतो, ती व्यवस्था तशीच राहील. 'तेवढ्यासाठी वेगळे मनगटी यंत्र घ्या' असा सल्ला काहींनी दिला आहे, पण तो या धाग्याचा विषय नाही.

आणखी एक लहान शंका. या डिस्प्लेच्या मुख्य पडद्यावर बातम्या, सूचना, वस्तूंची शिफारस असे काही ना काही सतत बदलत राहते. ज्याला नीट दिसत नाही त्याच्यासमोर हलणारे चित्र ठेवणे त्रासदायक आहे. ते सर्व बंद करून तिथे केवळ मोठ्या अक्षरांतील घड्याळ ठेवता येते का? निदान पार्श्वभूमी काळी आणि आकडे पांढरे एवढे झाले तरी आईला वेळ ओळखता येईल.

खर्चाची मर्यादा साधारण पंचवीस हजार रुपये आहे, त्यात थोडे वर-खाली चालेल. गणपतीला आम्ही दोघेही गावी जाणार आहोत आणि तेव्हा तिथे आठवडाभर असू. यंत्र तोपर्यंत घेऊन पुण्यातच पूर्ण मांडणी करून न्यावे, की गावच्या वाय-फायवरच सुरुवातीपासून लावावे, हेही सांगावे. आईच्या वाक्यांची यादी मी तिच्याशी फोनवर बोलून तयार करत आहे. आपल्या घरातील ज्येष्ठांना रोज खरोखर लागणारी, आणि मला न सुचलेली, अशी काही वाक्ये असतील तर ती आवर्जून लिहावीत.