मदत हवी आहे: पगारात चुकून आलेले जादा ६०,००० परत केले, तर त्यावर कापलेला कर मिळेल का?

नमस्कार मंडळी. मी गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत आहे. गेल्या वर्षी, एप्रिल २०२५ मध्ये, नाईट सुटून जनरल शिफ्टला आलो, पण नाईट अलाऊन्सचे महिना ५,००० येतच राहिले. पगाराची स्लिप उघडून कोण बघतो? बँकेचा मेसेज आला की झालं. परवा फोंड्याहून जाताना बसमध्ये माझ्याच ग्रेडचा एकजण म्हणाला, त्याचा वर्षभरात एक रुपया टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा कर) गेलेला नाही. माझे दरमहा ३,९०० गेलेत! घरी येऊन बाराही स्लिपा काढल्या, तेव्हा ती ओळ दिसली.

माझा खरा पगार वर्षाला १२,६०,०००. नव्या कर-रेजीममध्ये स्टँडर्ड डिडक्शनचे (पगारदारांच्या सरसकट वजावटीचे) ७५,००० वजा जाता ११,८५,०००, म्हणजे बारा लाखांच्या आत, कर शून्य. जादा ६०,००० धरले की होतात १२,४५,०००. मग मार्जिनल रिलीफ (बारा लाखांच्या थोडं वर गेलं तर करात मिळणारी सूट) मिळूनही कर ४५,००० आणि वर सेस १,८००. थोडक्यात, साठातले माझ्या हाती लागले १३,२००.

एचआरला मी आपण होऊन सांगितलं. ते म्हणतात, "काळजी करू नका, आता दरमहा ५,००० वळते करून घेतो." ऐकायला बरं वाटतं, पण यंदा माझा कर तसाही शून्यच असणार. यंदाच्या पगारातून साठ हजार कमी झाले तरी त्याचा मला काय उपयोग? गेल्या वर्षीचे ४६,८०० गेले ते गेलेच, आणि परत मात्र पूर्ण साठ करायचे. चूक त्यांची, भुर्दंड मला.

माझं म्हणणं असं, की चौथ्या तिमाहीचा २४क्यू (पगारावर कापलेल्या कराचा कंपनीने भरायचा फॉर्म) भरायची मुदत ३१ मे आहे आणि त्यांनी तो अजून भरलेला नाही. मी आत्ताच साठ हजार एकरकमी चेकने परत केले आणि त्यांनी २४क्यू व फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) मध्ये पगार १२,६०,००० च दाखवला, तर कापलेले ४६,८०० मला रिटर्नमध्ये रिफंड म्हणून मागता येतील ना? पैसे मार्चनंतर परत केले म्हणून अडेल का? अकाउंट्सवाले म्हणतात, "वर्ष क्लोज झालं, आता काही होत नाही."

पेरोलमध्ये काम करणारं कुणी असेल तर सांगा, त्यांच्याकडून लेखी नेमकं काय घेऊ? आणि त्यांनी नाहीच ऐकलं, तर फॉर्म १६ वर १३,२०,००० असताना मी रिटर्नमध्ये १२,६०,००० दाखवायचं धाडस करावं का?