ब्राह्मीचा माल परत आला, कॅडमियम ०.९ – मदत हवी आहे

ओढ्याकाठचा: मंडळी, वाळवलेल्या ब्राह्मीचा लॉट कंपनीने परत पाठवला. रिपोर्टमध्ये शिसं ६.२ आणि कॅडमियम ०.९. सहा आलेलं शिसं पास आणि एकाच्याही आत असलेलं कॅडमियम नापास, हा कुठला न्याय? खत नाही, फवारणी नाही. दुसऱ्या लॅबला टाकू का? लवकर सांगा, पोती पडवीत आहेत आणि हवा दमट आहे.

मोजपट्टी: ०.९ काय, पीपीएम (दहा लाखात किती भाग) की पीपीबी (अब्जात किती भाग)? ब्राह्मी म्हणजे जलब्राह्मी की मंडूकपर्णी? पाणी कुठलं?

ओढ्याकाठचा: पीपीएमच असेल. लहान, जाड पानांची, पाण्यात पसरते ती, म्हणजे जलब्राह्मी. पाण्याचा काय संबंध?

मोजपट्टी: पाण्याचाच संबंध आहे. वाळलेल्या वनौषधीत शिसं १० पीपीएमपर्यंत चालतं, आर्सेनिक ३, पारा १, पण कॅडमियम फक्त ०.३. ते मूत्रपिंडात साठतं आणि वर्षानुवर्षं निघत नाही, म्हणून मर्यादा कडक. तुमचं तिप्पट आहे. लॅब बदलून काय होणार?

आजीचा_बटवा: उगाच घाबरवू नका हो. चिंचेच्या पाण्यात रात्रभर भिजवा, सगळं उतरतं. आपल्याकडे नागभस्म म्हणजे शिसंच की, पिढ्यान् पिढ्या देतात.

तिरकस: धुऊन धूळ जाते. मुळातून पानात चढलेलं कसं जाणार? आणि भस्म वैद्य मोजून देतो, ब्राह्मीच्या चूर्णात ते कुणी मागितलं?

आजीचा_बटवा: ही सगळी परदेशी बदनामी. २००४ मध्ये अमेरिकेत असाच गाजावाजा केला होता.

तिरकस: बॉस्टन परिसरातल्या दुकानांतल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये जड धातू निघाले होते. त्यानंतर आपल्याच सरकारने २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींना तपासणी सक्तीची केली. तीही बदनामीच का?

लाल_माती: भांडू नका. दादा, चुना टाका. मातीचा सामू (पीएच) वाढला, म्हणजे आंबटपणा कमी झाला, की मुळं कॅडमियम कमी उचलतात. आम्ही भाताला टाकतो.

मोजपट्टी: तुमच्या जांभ्याच्या आंबट मातीत ठीक आहे. यांची जमीन कुठली ते कळल्याशिवाय कशाला चुना?

ओढ्याकाठचा: काळी, नांगरली की चुनखडीचे खडे निघतात. पाणी ओढ्याचं, बारमाही. वरच्या अंगाला गावाची गटारं मिळतात आणि एक प्लेटिंगचं, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याचं, वर्कशॉप आहे. पण पाणी अगदी नितळ.

मोजपट्टी: हे शेवटी सांगताय? विरघळलेलं कॅडमियम नितळ पाण्यातही असतं, आणि प्लेटिंगच्या सांडपाण्यात ते येऊ शकतं. त्यात ब्राह्मी धातू ओढून घेणारी. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत यावरच प्रयोग झालेत. ओढ्याचं पाणी आणि गाळ वेगवेगळे तपासा. एक वाफा विहिरीच्या पाण्यावर, ओढ्याचा गाळ न लागलेल्या जागी लावा आणि त्याचाही पाला पाठवा. मग कळेल. चुना विसरा, तुमची जमीन आधीच चुनखडीची.

ओढ्याकाठचा: ते पुढच्या पिकाचं झालं. या पोत्यांचं काय? एक व्यापारी रिपोर्ट न बघता घेतो म्हणतोय. चांगल्या मालात मिसळला तर ०.३ च्या आत येईल ना?

तिरकस: येईल. आणि परीक्षेच्या पोरांना आया तेच चूर्ण दुधातून देतील.

मोजपट्टी: विकू नका, मिसळू नका, गुरांना नको आणि खतातही नको, धातू परत शेतात येतो. प्रदूषण मंडळाला लेखी कळवा, सोबत रिपोर्टची प्रत जोडा. घरात कुणी खातं का हा पाला?

ओढ्याकाठचा: आई. रोज चटणी असते.

मोजपट्टी: आजपासून बंद. डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवा आणि लघवीतल्या कॅडमियमची तपासणी विचारा. किडनीचंही बघून घ्या. किती वर्षं खातायत?

गच्चीतली_बाग: दादा, ब्राह्मीची रोपं मिळतील का? कुंडीत लावायची आहेत. कुरिअरचा खर्च देते.