सोसायटीच्या बागेतलं प्रदर्शन: संत्र्याला खिळे कोणी ठोकले?

सी-१०४ काका: नमस्कार मंडळी. संत्र्याच्या बुंध्यात दोन खिळे, फांदीवर हॅलोजन. कोणाचं काम?

ए-३०१ ताई (कमिटी): चित्रं टांगायला डेकोरेटरच्या पोराने ठोकले जी. काढायला सांगते.

सी-१०४ काका: नुसतं उपटून भागत नाही. जखमेवर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशीनाशक लेप लावा. मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. दोन्ही वेगळे भिजवा, मग एकत्र करा. बादली प्लास्टिकची, लोखंडी नको.

बी-२०२ भाऊ: काहून जी, दोन खिळ्यांनी झाड मरते काय?

सी-१०४ काका: जखम आणि बुंध्याशी साचलेलं पाणी, दोन्हींतून डिंक्या रोग धरतो, सालीतून डिंक गळतो. तुमचा प्रदर्शनातला लोखंडी बैल बरोब्बर आळ्यात उभा आहे!

बी-२०२ भाऊ: ९० किलोचा बैल, लॉनवर पाय रुतते त्याचे. लंडनच्या क्यू गार्डनमध्ये २००७ साली शिल्पकार हेन्री मूरची २८ शिल्पं झाडांमध्येच मांडली होती.

डी-४०१ मॅडम: आळ्यात नव्हती मांडली भाऊ 🙂 मुरूम ठोकून २ बाय २ फुटाची शहाबादी फरशी टाका, त्यावर बैल. जागा फांद्यांच्या घेराबाहेर. संत्र्याची बारीक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात. ट्रॉली ओल्या मातीवरून नेऊ नका, माती दबली की मुळांना हवा मिळत नाही.

बी-५०३: माझ्या पार्किंगमधला मुरूम कोण उचलणार??

बी-२०२ भाऊ: झालं पार्किंग पुराण सुरू 😄

बी-५०३: तुमची गाडी अडत नाही म्हणून हसू येते.

सी-१०४ काका: नियम टाकतो. झाडाला खिळा नाही, तार नाही, हॅलोजन नाही.

डी-४०१ मॅडम: जलरंग बाहेर नकोच. पहाटेच्या दवाने चित्रामागचा पुठ्ठा फुगतो, दुपारच्या उन्हात रंग उडतो. ते क्लबहाऊसमध्ये. बाहेर फक्त भाजलेली माती, दगड, लोखंड. टेराकोटाच्या हंड्यांना तळाशी भोक हवं. स्प्रिंकलर बंद ठेवून पाइपने पाणी द्या, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग मातीवरून निघत नाहीत.

ए-३०१ ताई: लाइटचं काय करू?

डी-४०१ मॅडम: एलईडी, जमिनीत खुंटी ठोकून. वायरचा जोड मातीवर लोळू देऊ नका. ३० एमएचा आरसीसीबी (शॉक लागला की वीज तोडणारा स्विच) बसल्याशिवाय स्विच दाबायचा नाही, मुलं अनवाणी फिरतात.

बी-५०३: मुरूम??

सी-१०४ काका: परत टाकतो. झाडाला खिळा नाही, तार नाही,

बी-२०२ भाऊ: वाचलं जी काका, तिसऱ्यांदा नको. उद्या सातला चार जण या, बैल हलवू. तर्री पोहे माझ्याकडून. मुरूमही तेव्हाच उचलू बाप्पा.

बी-५०३: लेखी घ्या कोणीतरी.

ए-३०१ ताई: काका, मोरचूद मिळाला. चुना कोणता?

सी-१०४ काका: कळीचा. भिजला की फडक्यातून गाळून घ्या.