डिमेन्शिया असताना एकट्याने बाहेर पडणारं कुणी आहे का? (नाशिक)

सिन्नरची लेक:

नमस्कार. मी इंदिरानगरला राहते, वय ७१. जिल्हा परिषदेत लेखा विभागात नोकरी झाली. यजमान गेले, आता मुलगा, सून आणि नात यांच्यासोबत असते. गेल्या वर्षी अल्झायमरचं, म्हणजे हळूहळू आठवण पुसत जाणाऱ्या डिमेन्शियाचं, निदान झालं. सुरुवातीची पायरी आहे, असं डॉक्टर म्हणतात. हे मी स्वतः टाइप करते आहे. वेळ लागतो, पण जमतं.

माझा प्रश्न फक्त एकटीने फिरण्याचा आहे. माझे दोन फेरे ठरलेले. एक टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयाचा. १८४० सालापासूनचं वाचनालय आहे हे, आणि लग्न होऊन नाशकात आले तेव्हापासून मी तिथली सभासद आहे. दुसरा सिन्नरचा, माझ्या माहेरचा. धाकटी बहीण गोंदेश्वराच्या बाजूला राहते.

मध्यंतरी शालिमारच्या बाजूला रस्ता खणलेला होता. पुस्तक बदलून बाहेर आले तर समोर पत्रे लावलेले, नेहमीची वाट बंद, रिक्षा भलत्याच तोंडाला उभ्या. वाचनालय माझ्या पाठीशी आहे हे कळत होतं, घराचा पत्ता तोंडपाठ होता, पण या दोन्हींच्या मधला रस्ताच डोक्यात उमटेना. त्यात संध्याकाळची वेळ, हॉर्नचा गलका. एका औषधाच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. काउंटरवरच्या पोराने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं, आणि माझं पाणी पिऊन होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "आजी, कुठं जायचंय?" तेवढा वेळ मिळाला म्हणून मला इंदिरानगर म्हणता आलं. त्यानेच रिक्षावाल्याला पत्ता समजावला.

घरी हे सांगितल्यापासून मुलाने माझं एकटीने जाणं बंद केलंय. तो घाबरलाय, आणि त्याची भीती मला कळते. पण कुणी नेलं तर जायचं आणि कुणी आणलं तर यायचं, हे मला सोसत नाही. सोबत कुणी असलं की माझं रस्त्याकडे लक्षच राहत नाही. लक्ष नाही राहिलं तर आहेत त्या वाटाही लवकर पुसल्या जातील, असं मला मनापासून वाटतं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग या आजारात लवकर दुबळा होतो. नवी वाट लक्षात ठेवणं आणि आपण कुठे आहोत याचा अंदाज ठेवणं ही त्याची कामं. वर्षानुवर्षांच्या सवयीची वाट मात्र मेंदू वेगळ्या ठिकाणी जपतो, म्हणून ती जास्त टिकते. माझा अनुभवही तोच आहे. सिन्नरच्या रस्त्यावर शिंदे गाव आलं, मग मोहदरीचा घाट लागला की मला कुणी सांगावं लागत नाही. अडतं ते काही बदललं की.

तर ज्यांना स्वतःला हा आजार आहे आणि जे अजून एकटे जातात, त्यांनी सांगावं की तुम्ही काय करता. घरच्यांनीही लिहा, पण "जाऊच नका" एवढंच लिहू नका.

सातपूरचा फिटर:

ताई, मला तीन वर्षांपूर्वी मेंदूचा छोटा झटका आला, त्यानंतर रक्तवाहिन्यांमुळे होणारा डिमेन्शिया निघाला. स्कूटर बंद केली. त्यात तडजोड नको, कारण गाडी चालवताना चुकलं तर रस्त्यावरचा दुसराच माणूस मरतो. बसने आणि पायी मात्र मी जातो. सातपूरहून सिटीलिंकने अशोकस्तंभापर्यंत, भावाच्या दुकानात.

मी सकाळी दहाच्या पुढे निघतो आणि जेवायला घरी येतो. दिवस कलला की माझं डोकं थकतं आणि गोंधळ वाढतो. तुमचंही संध्याकाळीच झालं, हे बघा.

शर्टाच्या खिशात कार्ड असतं. त्यावर लिहिलंय: "मला डिमेन्शिया आहे. मी कुठे आहे ते शांतपणे सांगा. उत्तर द्यायला मला वेळ लागतो." खाली मुलीचा नंबर. घराचा पत्ता मुद्दाम टाकलेला नाही, कार्ड कुणाच्याही हातात पडू शकतं. कार्ड दाखवायची लाज मला सुरुवातीला वाटायची, आता वाटत नाही. लोक चांगले वागतात.

वाट सुटली की चालत राहायचं नाही. चालत राहिलं की आणखी लांब जातो माणूस. जिथे कुणीतरी कायम बसलेलं असतं अशा दुकानात शिरायचं. तुम्ही अगदी तेच केलंत, आणि हे मुलालाही सांगा. त्याला फक्त तुमचं हरवणं दिसलंय, त्यातून तुम्ही स्वतः बाहेर कशा आलात हे दिसलेलं नाही.

फोनचं म्हणाल तर व्हॉट्सॲपवरचं लाइव्ह लोकेशन फार तर आठ तास चालतं, मग पुन्हा चालू करावं लागतं, आणि ते आपल्या लक्षात राहत नाही. मुलीने गुगल मॅप्सवर "बंद करेपर्यंत" हा पर्याय लावून दिला. पण आमचा करार आहे, मी ठरल्या वेळेला आलो नाही तरच ती बघणार. दिवसभर कुणी आपल्यावर नजर ठेवून आहे असं वाटलं तर मी फोन घरीच ठेवून जाईन, हे तिला स्पष्ट सांगितलंय.

आता २०२७ च्या सिंहस्थाची कामं शहरभर चालू आहेत, रस्ते सारखे बदलणार. कुठे बदल झाला की मी आधी मुलीबरोबर जाऊन तो डोळ्यांनी बघून येतो आणि मगच एकटा जातो.

पंचवटीची मुलगी:

काकू, तुमचं लिहिणं वाचून आईची फार आठवण झाली. तीही अशीच ठाम होती. मी मुलाच्या बाजूने थोडं बोलते, रागावू नका.

आईचं बाहेर जाणं आम्ही चालू ठेवलं होतं, ते योग्यच होतं. पण पुढे तिला समोरून येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज येईना. घराची वाट तिला बरोबर सापडायची, रस्ता ओलांडताना मात्र ती मध्येच थांबायची. तिथे आम्ही थांबवलं. महिन्यातून एकदा मुलाला चार पावलं मागून चालू द्या. तुम्ही एकटीने जाताय असंच जा, त्याने फक्त बघायचं. घरात बसून वाद घालण्यापेक्षा दोघांनाही खरं काय ते दिसेल.

एकदा आईचा गोंधळ दोन दिवसांत एकदम वाढला. आम्हाला वाटलं, आजार वाढला. तपासलं तर लघवीचा संसर्ग होता, औषधाने बरीच सावरली. असं अचानक झालं तर आधी डॉक्टरांकडे जा, लगेच फिरणं कायमचं बंद करू नका.

आणि एक कागद करून ठेवा. ब्रिटनमध्ये यासाठी हर्बर्ट प्रोटोकॉल नावाचा फॉर्मच आहे, माणूस हरवला की घरचे तो पोलिसांच्या हातात देतात. आपण साधा कागद करायचा: अलीकडचा फोटो, औषधं, जुन्या घरांचे आणि नोकरीचे पत्ते. जुने पत्ते फार महत्त्वाचे. आई एकदा सापडली ती भद्रकालीत, तिच्या लहानपणच्या वाड्याच्या जागेवर. तक्रारीसाठी २४ तास थांबावं लागतं असं लोक सांगतात, ते खोटं आहे. लगेच ११२ लावायचा.

लाल परीचा वाहक:

मावशी, मी एसटीत कंडक्टर आहे. सिन्नरला जायचं तर सिन्नरलाच संपणाऱ्या गाडीत बसा. शिर्डीची, संगमनेरची, पुण्याची गाडीही सिन्नरवरून जाते, पण ती पुढे निघून जाते. शेवटचा थांबाच सिन्नर असला की सगळेच उतरतात, तुम्हाला लक्ष ठेवावं लागत नाही.

पुढच्या बाजूला बसा आणि तिकीट काढतानाच सांगा, "मला विसरायला होतं, सिन्नर आलं की आवाज द्या." कुठलाही कंडक्टर देईल. तिकीट पर्समध्ये टाकू नका, हातात ठेवा, त्यावर गावाचं नाव छापलेलं असतं. मध्येच आठवेनासं झालं तर तेवढं वाचायचं. बायकांना अर्धं तिकीट आहे हे तुम्हाला माहीत असेलच, ७५ पूर्ण झाली की पूर्ण मोफत. आधार कार्ड मात्र जवळ ठेवा.

नाशिकरोडहून बसा. स्टँडवर गर्दी झाली की धक्काबुक्कीत शिरू नका, पुढची गाडी येते.

सिन्नरची लेक:

तुम्हा सगळ्यांचं लिहिलेलं सुनेकडून मोठ्या अक्षरात छापून घेतलं आणि रात्री जेवताना मुलाला वाचून दाखवलं. मागून चालण्याची गोष्ट त्याला पटली. या शनिवारी वाचनालयात तसंच जाणार आहोत, सकाळी. शेअर रिक्षा मी सोडते. ती सीट भरेपर्यंत थांबते, कधी मध्येच उतरवते, आणि तेवढ्यात माझं सगळं विस्कटतं.

सातपूरच्या भाऊंसारखाच करार मुलाबरोबर केला. बहिणीने सांगितलंय की ती सिन्नरच्या स्टँडवर येऊन थांबेल, पण नाशिकरोडहून मला बसवायला कुणी यायचं नाही. कार्डावर तिचाही नंबर घालतेय, मुलगा कामावर असला की फोन उचलत नाही.

कंडक्टर दादा, सिन्नरलाच संपणारी गाडी नाशिकरोडहून सकाळी साडेनऊच्या पुढे कधी असते, आणि ती स्टँडच्या आत लागते की बाहेर रस्त्यावर, तेवढं कळवा. मी आधी सुनेबरोबर जाऊन जागा बघून येईन.